माल जपानी, फिटिंग लोकल

दुबईत दुकानांच्या काचांमागे सोन्याच्या बांगड्या ढिगाने लटकलेल्या असतात. अशा गावात एखादी बाई हातात लाकडाची बांगडी घालून हळदीकुंकवाला गेली तर काय होतं? काय होणार, बायका कीव करतात! "अय्या, लाकडाची? का गं, सोन्याची ॲलर्जी आहे का?" हा प्रश्न हेमाला चार जणींनी विचारला होता, आणि चौघींच्या आवाजात तीच हळहळ. जणू हिच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि बिचारीला दागिने विकावे लागले. हेमाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण सांगणार कोणाला? ज्यांना दागिना म्हटलं की वजन विचारायची सवय, त्यांना लाकडातला सांधा काय कळणार?

बांगडी प्रल्हादने केली होती. प्रल्हाद म्हणजे हेमाचा नवरा. राजापूरकडचा माणूस, बाप सुतार, आजा सुतार. आयटीआय करून एकोणनव्वद साली शारजाला आला आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला. लाकडाची दारं, कपाटं, हॉटेलांची काउंटरं, जे येईल ते. बोलायला कमी. इतका कमी की लग्नाआधी हेमाला बघायला आला तेव्हा त्याने चहाच्या टेबलाखाली वाकून पायाचा सांधा तपासला आणि "बरा आहे" एवढंच म्हणाला. हेमाला वाटलं तिच्याबद्दल म्हणाला. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, टेबलाबद्दल.

चौऱ्याण्णव साली दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात जपानी रेस्टॉरंट बांधायचं काम वर्कशॉपला मिळालं. त्यासाठी जपानहून मोरिता नावाचे एक म्हातारे कारागीर चार महिने आले. सत्तरीला टेकलेले, पाठ ताठ, दिवसभरात दहा शब्द बोलत असतील तर शप्पथ. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंक नाही. लाकडात लाकूड शिरवायचं आणि तेवढ्यावर अख्खं छत उभं करायचं. बाकीचे कामगार आपसात हसले. प्रल्हाद हसला नाही. त्याच्या आजाने गावच्या देवळाची पालखी अशीच बिनखिळ्याची केली होती, कुसू आणि खाच यांच्या जोरावर. कुसू म्हणजे लाकडाचं पुढे काढलेलं टोक, खाच म्हणजे ते बसायची जागा. हे म्हातारेबुवा तेच करत होते, फक्त शंभरपट बारकाईने.

पहिल्याच दिवशी प्रल्हादने त्यांची करवत वाकवली. आपली करवत पुढे ढकलताना कापते. जपानी करवत स्वतःकडे ओढताना कापते, पातं कागदासारखं पातळ. याने सवयीने ढकलली आणि पातं मुडपलं. घामाने निथळत उभा राहिला, आता नोकरी गेली म्हणून. मोरितांनी नुसतं पातं सरळ केलं, त्याचा हात धरून करवत मागे घेऊन दाखवली आणि खुणेने विचारलं, याला तुझ्या भाषेत काय म्हणतात?

"ओढ," प्रल्हाद म्हणाला.

झालं! त्या दिवसापासून म्हातारा उठता बसता त्याला "ओद, ओद" म्हणायला लागला. हेमा तेव्हा गावी होती, दोन वर्षांच्या मिहिकाला घेऊन. सुताराच्या व्हिसावर बायको आणता येत नव्हती. प्रल्हादने तिला पत्र लिहिलं, आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात लांब पत्र: "इथे एक म्हातारा मला दिवसभर ओढ ओढ म्हणतो. त्याला काय माहीत, ती इथे आधीच किती आहे." हेमाने ते पत्र अजून जपून ठेवलंय. असं काही हा माणूस तोंडाने बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे पुष्कळदा वाटलं.

जाताना मोरितांनी त्याला दोन गोष्टी दिल्या. एक ती करवत, आणि एक वाक्य. वाक्य हॉटेलातल्या दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं आणि प्रल्हादने घरी येऊन मराठीत केलं: प्रत्येक कामावर आपली खूण करावी. कुणाला दिसणार नाही अशा जागी करावी, पण करावी. कामाला बाप असावा.

उरलेल्या तुकड्यांत हिनोकी नावाचं फिकट, लिंबासारखा वास येणारं जपानी लाकूड होतं आणि थोडं काळसर अक्रोड. त्याची त्याने बांगडी केली. अख्ख्या फळकुटातून गोल कापली असती तर चार दिवसांत तुटली असती, कारण लाकडाच्या रेघा सरळ धावतात आणि बांगडी वळते. म्हणून सहा तुकडे केले, वळणाबरोबर रेघा फिरतील असे. चार सांधे कायमचे बसवले, पाचवा लाकडी बिजागरीसारखा फिरता ठेवला. सहावा उघडणारा. एका विशिष्ट बाजूला ओढलं की सुटतो, सोडलं की टक् करून बसतो. आतल्या बाजूला, सांध्याजवळ, पटाशीच्या टोकाने कोरलेलं इवलंसं 'प्र'.

पंच्याण्णव साली तो जॉइनरी, म्हणजे सुतारकामाचा, सुपरवायझर झाला, व्हिसा बदलला, आणि हेमा नि मिहिका आल्या. शारजाच्या विमानतळावर बॅगा उतरायच्या आधी तो म्हणाला, "उजवा हात दे." बांगडी उघडली, मनगटाभोवती घातली, मिटली. कासाराकडे साबण लावून हाताची हाडं मोडून घेणाऱ्या हेमाला कळेचना की बांगडी चढली कधी. "अहो, माप कुठून घेतलंत?" तिने विचारलं. तो म्हणाला, "लक्षात होतं."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढे ती आडवी येणार आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी हेमाला विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" शेजारी एकीचे मिस्टर बँकेत, एकीचे ऑइल कंपनीत, एकीचे फुजैराच्या पोर्टवर मॅनेजर. हेमाने पदर सारखा केला आणि म्हणाली, "इंटिरियर्समध्ये आहेत." इतकं छान वाटलं म्हणताना! खोटं नव्हतंच ते. मग मिहिकाच्या शाळेच्या फॉर्मवरही तेच गेलं, आणि दारावर कोण विचारायला आलं तरी तेच. प्रल्हादने एकदा ऐकलं आणि चहाचा घोट घेतला.

तर आता सुनेत्राताई.

सुनेत्राताई म्हणजे बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या मिसेस. दुबईत अल बर्शाला व्हिला, दारात दोन गाड्या, आणि मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची न सांगता त्यांची. शुक्रवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये त्या प्रदर्शनं भरवायच्या: साड्या, दिवे, पर्सेस. दोन हजार दोनच्या दिवाळीत त्यांनी हेमाचं मनगट धरलं. "हेमा! हे काय आहे? धिस इज सो डिझायनर!" सात वर्षं ज्या बांगडीला कोणी विचारलं नाही, ती एका शब्दाने डिझायनर झाली. बाकीच्याही लगेच वाकून बघायला लागल्या. वा गं वा!

प्रल्हाद मात्र खरोखर खूश झाला. वर्कशॉपच्या मालकाला विचारून उरलेले तुकडे घरी आणू लागला. बाल्कनीत छोटं टेबल टाकलं. बांगड्या, कानातले, गळ्यातली पदकं, सगळ्यांना तोच बिनखिळ्याचा सांधा. रंधा मारताना गुणगुणायचा. हेमाने लग्नानंतर बारा वर्षांत त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आणि प्रत्येक नगाच्या आत 'प्र'. पैशाचं त्याने विचारलंही नाही. सुनेत्राताईंनी नव्वद दिरहॅमला एक, म्हणजे साधारण बाराशे रुपये, असं ठरवलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. खूण राहिली म्हणजे झालं."

"प्रल्हादभाऊ, कार्डावर 'जपानी पद्धतीचे' असं लिहिलं तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"पद्धत त्यांचीच आहे," तो म्हणाला. सरळ माणूस.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात हेमाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि हेमा तीन आठवडे रत्नागिरीला गेली. मिहिकाची शाळा होती म्हणून ती वडिलांजवळ राहिली. अकरा वर्षांची पोर, हुशार, पण मराठी म्हणजे आईबापाशी कामापुरतं. उत्तर कायम इंग्रजीत.

हेमा परत आली तर बाल्कनीत प्रल्हाद डोकं धरून बसलेला. समोर बांगड्यांची रांग, मापाचा कॅलिपर, वहीत आकडे. दाढी वाढलेली.

"काय झालं?"

"बांगड्या वाढतायत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मोठ्या होतायत. फोन येतात, मी कामावर असताना मिहिका घेते. मी अर्धा मिलिमीटर कमी केलं, तरी फोन. मग एक केलं, तरी फोन. दमट हवेत लाकूड फुगतं, मला मान्य आहे, पण केसभर फुगतं गं! मुश्ताकला पण दाखवलं." मुश्ताक म्हणजे वर्कशॉपचा पॉलिशवाला, सहारनपूरचा, लाकडातच जन्मलेला. "तो म्हणतो, उस्ताद, लकड़ी बढ़ती है, मगर इतनी नहीं बढ़ती. मी तीन आठवडे झोपलो नाही हेमा. माझं काय चुकतंय?"

हेमाने मिहिकाला हाक मारली. "फोन कोणाकोणाचे आले गं?"

मिहिकाने फोनजवळचं पॅड आणलं. तिने सगळं नीट लिहून ठेवलं होतं. "रोनित्स मॉम, बँगल हॅज ग्रोन. सृष्टीज मॉम, बँगल हॅज ग्रोन. दियाज मॉम, बोथ बँगल्स हॅव ग्रोन. शी वॉज व्हेरी अपसेट."

"त्या काय म्हणाल्या? मराठीत सांग. शब्द न् शब्द."

"दे सेड, सांग बाबांना, बांगडी वाढली."

हेमा मटकन खाली बसली. आधी हसायला आलं, इतकं की डोळ्यांत पाणी. "अगं बाई! वाढली म्हणजे फुटली! बांगडी फुटली असं म्हणत नाहीत गं, सवाष्णीच्या तोंडी अशुभ असतं ते. वाढली म्हणतात!"

"दॅट मेक्स नो सेन्स," मिहिका म्हणाली. "व्हाय वुड यू से द ऑपोझिट?"

पोरीचं तरी काय चुकलं! पण प्रल्हाद हसला नाही. तो कॅलिपर हातात घेऊन तसाच बसला. मग हळूच म्हणाला, "फुटल्या? सगळ्या?" आणि ते ऐकून हेमाचंही हसू मावळलं. बांगडी वाढणं परवडलं असतं या माणसाला. फुटणं परवडणार नव्हतं. आठ वर्षं तिच्या हातात आहे ती बांगडी. भांडी घासली, कणकी तिंबल्या, पोरीला आंघोळी घातल्या, साधा चरा नाही. मग यांच्याच कशा फुटल्या?

रोनितची मम्मी खालच्याच मजल्यावर राहायची. हेमा चप्पल न घालताच खाली गेली.

"अगं काय सांगू," रोनितची मम्मी म्हणाली, "साबण लावून कशीबशी चढवली, आणि उतरवताना वाढलीच बघ."

"साबण? साबण कशाला? ती उघडते!"

"कुठे उघडते? सुनेत्राताईंनी फिक्स करून दिली ना. मीच म्हटलं होतं त्यांना, हातातल्या हातात बांगडीचे दोन तुकडे होतात, बरं नाही वाटत, सणासुदीला तर नकोच. अजून एकदोघी म्हणाल्या तसंच. मग त्यांनी सगळ्याच फ्रेमवाल्याकडून चिकटवून घेतल्या. सुपर ग्लू." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. सुनेत्राताई म्हणाल्या, माल जपानचाच येतो, भाऊ फक्त जोडून देतात. माल जपानी, फिटिंग लोकल. म्हणून तक्रार असेल तर भाऊंच्या घरी फोन करा."

माल जपानी, फिटिंग लोकल! हेमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे कौतुक झालं की ते जपानचं, आणि फुटलं की प्रल्हादचं? आणि ग्लू? ज्या सांध्यासाठी हा माणूस चार चार संध्याकाळी एका बांगडीवर घालवतो, त्या सांध्यात ग्लू? मनगटाच्या मापाची बांगडी, उघडून घालायची, ती चिकटवून बंद केल्यावर पंजावरून जाणार कशी? आणि हा बिचारा पोरीचं ग्रोन ग्रोन ऐकून ती आणखी लहान करत बसला! लहान केली की आणखी फुटणार, फुटली की आणखी फोन. काय म्हणावं या बाईला?

तिने रोनितच्या मम्मीने टिश्यूत बांधून दिलेले दोन तुकडे वर आणून प्रल्हादसमोर ठेवले. त्याने उजेडात धरले. सांध्यात ग्लूची पिवळी रेघ वाळलेली होती. सांधा जागच्या जागी होता, शेजारचं लाकूड उभं फाटलं होतं. मग त्याने तुकडा उलटा केला. आत सोनेरी स्टिकर होता, त्यावर जपानी अक्षरं. त्याने नखाने स्टिकर सोलला. खाली 'प्र' नव्हतं. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली जागा होती.

बराच वेळ तो अंगठा त्या जागेवरून फिरवत राहिला. "खूण घासली," एवढंच म्हणाला.

"मग? आता काय करणार आहात?"

"जाऊ दे."

"काय जाऊ दे? काय म्हणून जाऊ दे?"

"मोठी माणसं आहेत. मिहिकाच्या मैत्रिणी आहेत मंडळात. मी करायचंच बंद करतो." त्याने पटाशीला तेल लावलं, कापडात गुंडाळली आणि टेबल घडी करून भिंतीला लावलं. गुणगुणणं त्याच संध्याकाळी थांबलं. हेमाला सुनेत्राताईंचा राग आला होताच, आता नवऱ्याचाही आला. मूग गिळून बसायला याला कोणी शिकवलं? करवत वाकली तेव्हाही असाच उभा राहिला असेल, मान खाली घालून!

पुढच्या शुक्रवारी दुबईत सुनेत्राताईंचं प्रदर्शन होतं. "यल्ला, चला," हेमा म्हणाली. "मिहिका, तूही. आज तुझ्या बाबांची खूण परत आणायची आहे. ती मिळाली नाही तर मी त्या मंडळात पाय ठेवणार नाही, आणि तुम्हीही पुन्हा ते टेबल उघडणार नाही, मला माहीत आहे." प्रल्हाद नको नको म्हणत होता, पण इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

हॉलमध्ये मधल्या टेबलावर काळी मखमल, त्यावर बांगड्या आणि कानातले, आणि पुढे पांढरं कार्ड, इंग्रजीत: हॅंडक्राफ्टेड इन जपान. 'पद्धत' कधीच गळून पडली होती. टेबलामागे सुनेत्राताई, सिल्कची साडी, आणि समोर नेमकी एक जपानी बाई. पन्नाशीची, साधे कपडे, छोटा चष्मा. सुनेत्राताई तिला इंग्रजीत सांगत होत्या, "फ्रॉम युअर कंट्री, मॅडम! व्हेरी ओल्ड मास्टर!" मंडळाच्या सातआठ जणी भोवती कौतुकाने उभ्या.

त्या बाईने बांगडी उचलली, सांधा पाहिला, चेहरा खुलला. दोन बोटांत धरून हलकेच ओढली. सुटली नाही. दुसऱ्या बाजूने ओढली. नाही. नखाने रेघ खरवडली, नाकाशी नेली, आणि बांगडी खाली ठेवली. अगदी सौम्य आवाजात म्हणाली, "धिस इज ग्लूड. आय ॲम सॉरी. माझे वडील हेच काम करायचे. जपानमध्ये असं कोणी करणार नाही." म्हणाली इंग्रजीतच, पण सगळ्यांना कळलं.

आणि सुनेत्राताई! बाईला एका क्षणाचाही वेळ लागला नाही हो. मान वळवली, दाराशी उभा प्रल्हाद दिसला, आणि बोट त्याच्याकडे. "ॲक्च्युअली मॅडम, फिटिंग इज डन बाय अ लोकल कारपेंटर. आम्ही त्यांना किती सांगतो, पण यू नो हाऊ दीज पीपल वर्क."

दीज पीपल!

हेमा पुढे झाली. तिने इतकी वर्षं या बाईला ताई म्हटलं होतं. "सुनेत्राताई, ग्लू कोणी लावला? सांगा ना. फ्रेमवाल्याकडे कोण घेऊन गेलं? यांची खूण घासून तिथे स्टिकर कोणी चिकटवला? कोणत्या जपानहून येतो तुमचा माल? शारजाच्या आमच्या बाल्कनीतून येतो! सातव्या मजल्यावरून! चांगलं झालं की जपान आणि फुटलं की आमच्या घरचा फोन नंबर, होय ना?"

"हेमा, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! म्हणूनच आले आहे मी!" तिने उजवा हात प्रल्हादपुढे धरला. "अहो, उघडा."

"इथे?" तो म्हणाला. भोवतीच्या बायका चुळबुळल्या. सवाष्णीच्या हातातली बांगडी, चारचौघींत.

"इथेच. ओढा."

तो शब्द ऐकून प्रल्हादने तिच्याकडे पाहिलं. मग तिचं मनगट डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी ओढलं. बांगडी उघडली. रोनितच्या मम्मीने "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"बघून घ्या," हेमा म्हणाली. "आठ वर्षं झाली. वाढली नाही. फुटली पण नाही. उघडली! हिला उघडायचं असतं म्हणून केली आहे!"

जपानी बाईने दोन्ही हात पुढे केले. प्रल्हादने बांगडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती चष्म्याजवळ नेली, सांधा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. टक्, टक्. आतल्या बाजूला तिला 'प्र' दिसलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि प्रश्नार्थक पाहिलं.

"माय नेम," प्रल्हाद म्हणाला. छातीवर बोट ठेवून पुन्हा म्हणाला, "माय नेम."

ती बाई कमरेत वाकली. त्याच्यासमोर. सुनेत्राताई मखमलीच्या सुरकुत्या सारख्या करायला लागल्या. मग त्या बाईने हेमाकडे वळून विचारलं, "युअर हजबंड? व्हॉट इज ही?"

आणि हेमा, जी आत्ता आत्ता भर हॉलमध्ये वाघिणीसारखी बोलत होती, तिच्या तोंडून मान ताठ करून, पदर सारखा करून निघालं, "ही इज इन इंटिरियर्स."

त्या बाईला काही कळलं नाही. "इंटिरियर्स?"

"मम्मा," मिहिका मागून म्हणाली. पोरीच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आंटी सेड कारपेंटर अँड यू गॉट सो अँग्री. बट यू ओन्ली टोल्ड मी नेव्हर टू से इट. सो व्हॉट शुड आय से?"

हेमाला वाटलं होतं की प्रल्हादची खूण घासणारी बाई एकच आहे आणि ती अल बर्शाला राहते. तिने प्रल्हादकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या रिकाम्या मनगटाकडे बघत होता, जिथे आठ वर्षांत ऊन न लागलेला गोरा पट्टा उमटला होता. त्याला ठाऊक होतं. पहिल्या हळदीकुंकवापासून ठाऊक होतं, आणि चहाचा घोट घेऊन तो गप्प बसला होता. जाऊ दे म्हणायला त्याला दुसऱ्या कोणी नव्हे, तिनेच शिकवलं होतं.

"सुतार," हेमा म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मिहिकाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझे बाबा सुतार आहेत. आजोबा सुतार होते, पणजोबा सुतार होते. कोणीही विचारलं तरी हेच सांगायचं. शाळेतला फॉर्म मी बदलते." मग जपानी बाईला म्हणाली, "कारपेंटर. माय हजबंड इज अ कारपेंटर."

तिने टेबलावरचं पांढरं कार्ड उचललं, सुनेत्राताईंच्याच पेनाने 'हॅंडक्राफ्टेड इन जपान' वर आडवी रेघ मारली आणि खाली मराठीत लिहिलं: प्रल्हाद सुतार, शारजा. अक्षर वाकडं आलं. सुनेत्राताई "हेमा, धिस इज टू मच" म्हणत होत्या, पण कार्डाला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

प्रल्हादने तिच्या खांद्यावरून वाकून कार्ड वाचलं. दोनदा वाचलं. मग बांगडी परत घेऊन तिच्या मनगटाभोवती घातली, मिटली, आणि म्हणाला, "अजून एक ओळ लिही."

"काय?"

"माल पण लोकल."